चिचुंद्री घरात आली, म्हणून विष आणू नका



पावसाळ्यात गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपला की एक प्रश्न हमखास निघतो. "घरात चिचुंद्री शिरलीय, वासानं घास उतरत नाही. काय औषध टाकावं?" औषध म्हणजे उंदराचं विष. आमचं आजचं सांगणं एवढंच, की चिचुंद्रीसाठी विष आणू नका. का नको आणि मग करायचं काय, ते आता बघू.

आधी तिची ओळख करून घेऊ. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती उंदीर नाही. उंदीर-घुशींचे पुढचे दात पटाशीसारखे असतात आणि जन्मभर वाढत राहतात. म्हणून ते पोती, कपडे, लाकूड, वायर असं सगळं कुरतडतात. चिचुंद्रीचे दात बारीक आणि टोकदार, किडे धरायला केलेले. तिचं तोंड सोंडेसारखं लांब निमुळतं, डोळे इवलेसे, शेपूट बुडाशी जाड आणि तिच्यावर तुरळक लांब केस. ती आंधळी नाही, पण नजर अधू आहे. म्हणून ती भिंतीच्या कडेकडेनं वास घेत पळते आणि पळताना चिकचिक आवाज करते. नाणी खुळखुळावीत तसा तो आवाज लागतो. चिनी भाषेत तिला 'पैशाचा उंदीर' अशाच अर्थाचं नाव आहे.

तिला पिलं झाली की आणखी एक गंमत दिसते. जागा बदलताना पहिलं पिलू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडानं धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. आगगाडीच्या डब्यांसारखी ही रांग अंधारात सरकताना दिसली तर साप समजून काठी उगारू नका.

आता वासाचं. चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींना ग्रंथी असतात, त्यांतून तो उग्र दर्प येतो. अमेरिकेतला स्कंक नावाचा प्राणी घाबरला की घाण वासाची पिचकारी मारतो. तो आपल्याकडे नाही. आपली चिचुंद्री पिचकारी मारत नाही, पण तिचं अंग घासलं त्या भिंतीला, भांड्याला, पोत्याला वास लागतो. या वासामुळे मांजरसुद्धा तिला मारून टाकतं, पण सहसा खात नाही. नुसता वास विषारी नसतो. तरी उघड्या अन्नावरून ती गेली असेल तर ते अन्न टाकून द्यावं आणि भांडी गरम पाणी-साबणानं धुवावीत. तिच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. नाकाला फडकं बांधावं, त्यावर फिनेलचं पाणी शिंपडावं, मग पुसून घ्यावं आणि हात धुवावेत.

ती घरात येते ती किड्यांच्या मागावर. झुरळं, रातकिडे, भुंगे, अळ्या हे तिचं खाणं. तिला थोड्याथोड्या वेळानं खावंच लागतं, म्हणून रात्रभर तिची शोधाशोध चालते. म्हणजे जिथं चिचुंद्री वारंवार दिसते, तिथं झुरळं भरपूर असणार. आणि धान्याचं पोतं फुटलं असेल तर चोर बहुधा उंदीर किंवा घूस आहे. नाव मात्र चिचुंद्रीवर जातं.

विषाचं आमिष पिठाच्या नाहीतर भरडलेल्या धान्याच्या गोळ्यात घालतात. किडे खाणारी चिचुंद्री त्याला सहसा तोंड लावत नाही. तो गोळा खाते अंगणातली कोंबडी, कुत्रं, नाहीतर रांगतं मूल. काळसर करड्या पुडीत मिळणारं झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की त्यातून विषारी वायू तयार होतो आणि त्याच्यावर नेमका उतारा नाही. दुसरं म्हणजे विषानं मेलेला जीव भिंतीच्या पोकळीत किंवा माळ्यावर अडकला, तर आठवडाभर घरात बसवणार नाही. जिवंत चिचुंद्रीचा वास त्यापुढे काहीच नाही.

मग करायचं काय?

पहिलं, वाट बंद करा. मोरीच्या आणि न्हाणीच्या भोकाला बोट जाणार नाही अशी बारीक जाळी लावा. दाराखालच्या फटीला पट्टी ठोका. भिंतीतली बिळं खडी-सिमेंटनं बुजवा. पण आधी दोन दिवस बिळाच्या तोंडाशी कागदाचा बोळा ठेवून पाहा. बोळा हलला नाही तरच बुजवा, नाहीतर आत पिलं कोंडली जातील.

दुसरं, खाणं तोडा. रात्री खरकटी भांडी ठेवू नका, मोरी कोरडी करा. सरपण आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीपासून हातभर लांब आणि शक्यतो उंचावर रचा. झुरळं कमी झाली की चिचुंद्रीचा मुक्कामही हलतो.

तिसरं, तरीही आत राहिलीच तर पिंजरा लावा. आत भाकरीऐवजी सुकट किंवा बोंबलाचा तुकडा ठेवा. ती फार वेळ उपाशी राहू शकत नाही, म्हणून पहाटेच पिंजरा बघा आणि तिला बांधावर नेऊन सोडा. चिकट पाट्या नकोत, त्यांना पाल, चिमणी, कोंबडीचं पिलू असं काहीही चिकटतं आणि तडफडून मरतं.

कुक्कुटपालनासाठी कर्ज घेतलेल्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावं. लहान पिलांना चिचुंद्री चावते. पहिले काही आठवडे पिलं रात्री बारीक जाळीच्या बंद पेटीत ठेवा. उघड्या डालग्यावर विसंबू नका.

ती माणसाला चावली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. हळद-चुना भरू नका.

घरात कुणाच्या पोटात विष गेल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नका. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि विषाची पुडी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

दोन गोष्टी राहिल्या. चिचुंद्री आली की बोल लागतो तो घरच्या सुनेला, "घर नीट ठेवत नाही" म्हणून. पावसानं बिळात पाणी शिरलं की जीव कोरडी जागा शोधतो. ती जागा सारवलेल्या घरातही सापडते. सासवांनी हे लक्षात घ्यावं.

आणि दुसरी गोष्ट हळू आवाजात सांगायची. उरलेली विषाची पुडी फडताळात पडून राहते. घरात भांडण होतं, मन फाटतं, तेव्हा ती हाताशी असते. त्या एका घटकेला विष हाताशी नसलं, तर तो जीव वाचू शकतो. म्हणून पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशेबासोबत एक प्रश्न जरूर विचारा, "कुणाच्या घरी विष शिल्लक आहे का?" असेल तर ते कुलपात जाऊ द्या आणि पुन्हा विकत आणू नका.

चिचुंद्रीला मात्र जाळीबाहेर, परसात राहू द्या. तिथले किडे ती फुकट वेचते.