नोंद, पाठपुरावा आणि न्यायालयापुढील मानसोपचार

आपल्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या जमाखर्चात ‘नोंदी व पाठपुरावा’ असे एक स्वतंत्र शीर्ष आहे. औषधे, खाटा, वेतन यांविषयी देणगीदार सहसा शंका घेत नाहीत. या शीर्षाविषयी मात्र विचारणा होते, आणि ती रास्तही आहे. संशोधन हे विद्यापीठांचे काम, धर्मादाय रुग्णालयाने रुग्ण तपासावेत, असा तिचा आशय असतो. त्यास उत्तर देताना आम्ही मानसोपचाराच्या अशा एका शाखेकडे लक्ष वेधू इच्छितो, जिथे पाठपुराव्याअभावी माणसाचे अवघे आयुष्य वाया गेल्याचे उदाहरण आहे. ती शाखा म्हणजे न्यायवैद्यक मानसोपचार.

मनाने आजारी असलेल्या व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप आला की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. खटल्याचे कामकाज समजून घेऊन स्वतःचा बचाव करण्यास ती आज समर्थ आहे काय? आणि कृत्य घडले त्या वेळी त्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा असल्याचे, तिला समजत होते काय? हा दुसरा प्रश्न पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. पहिल्याचे उत्तर तपासणीतून मिळू शकते. दुसरा भूतकाळाविषयी असल्याने अधिक अवघड. निर्णायक क्षण कृत्याचाच, परंतु तो जाणण्यासाठी त्याआधीची, त्या वेळची आणि त्यानंतरची मनःस्थिती पाहावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सांगितले. कित्येक महिन्यांनी रुग्णास प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरांना ही मनःस्थिती कळणार कशी? जुन्या केसपेपरवरून आणि घरच्यांच्या सांगण्यावरून. उपचारासाठी लिहिलेली साधी नोंद अशा वेळी पुरावा ठरते.

आसाममधील माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक होऊन तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. ते बरे झाल्याचा वैद्यकीय अभिप्राय १९६७ मध्ये आला. बंदिवासातून त्यांची सुटका झाली ती जुलै २००५ मध्ये. अभिप्राय लिहिला गेला होता. त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

पाठपुरावा केल्यास काय हाती लागते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. जॉनी बॅक्सस्ट्रॉम या कैद्याच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये निर्णय दिला आणि न्यूयॉर्क राज्यातील कडेकोट संस्थांत ‘धोकादायक’ म्हणून ठेवलेले ९६७ रुग्ण साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. अनर्थ होईल अशी भीती होती. स्टेडमन व कोकोझा या समाजशास्त्रज्ञांनी या रुग्णांची पुढील वाटचाल अभ्यासली. हिंसक वर्तन थोड्यांकडूनच घडले होते. तज्ज्ञांनी धोक्याचा अंदाज फार वाढवून केला होता. यात डॉक्टरांची अप्रामाणिकता नव्हती. आपला अंदाज खरा ठरला की खोटा, हे त्यांना कधी कळतच नव्हते. (जमाखर्चाचा ताळमेळ न घालता वर्षानुवर्षे खतावणी लिहीत राहणाऱ्या पेढीची जी गत, तीच ही.) पुढे कॅनडात १९९५ मध्ये ‘एचसीआर-२०’ ही वीस मुद्द्यांची तपासणी-पद्धत तयार झाली. त्यांतील दहा मुद्दे पूर्वेतिहासाचे, पाच सद्यःस्थितीचे आणि पाच भावी परिस्थितीचे. शेवटचे दहा उपचाराने, कुटुंबाच्या आधाराने बदलू शकतात. म्हणूनच मूल्यमापन एकदा करून संपत नाही, ते पुनःपुन्हा करावे लागते.

आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांची पाहणी करून २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. मनोविकार व व्यसनाधीनता यांचे तेथील प्रमाण मोठे आढळले. कारागृहात प्रवेश होतानाच तपासणी व्हावी, ही त्यातील शिफारस आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते; कारण त्या पहिल्या दिवसांतील नोंद नंतर कितीही खर्च करून मिळवता येत नाही.

आपल्या रुग्णालयात न्यायवैद्यक कक्ष नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने शासकीय व्यवस्थेकडे असून येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तथापि जामिनावर वा निर्दोष सुटलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आपल्या बाह्यरुग्ण विभागात येतात. बहुधा लाजेने ते पूर्वीचे प्रकरण सांगत नाहीत. ते समजून घेऊन, गुप्तता राखून लिहिण्यास सामाजिक कार्यकर्त्यास बराच वेळ द्यावा लागतो. रुग्ण ठरल्या तारखेस आला नाही तर दूरध्वनी, पत्र आणि प्रसंगी गृहभेट, असा क्रम आहे. उपरोक्त शीर्षाखालील खर्च मुख्यतः या कामावर होतो.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, पूर्वीच्या उपचारांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड यांपैकी काहीही टाकून देऊ नये. कागद फाटका वा अस्पष्ट असला तरी पहिल्या भेटीस सोबत आणावा. विभागात त्याची प्रत काढून केसपेपरला जोडली जाते आणि मूळ कागद लगेच परत दिला जातो.