नाव लपवलेले वाय-फाय आणि न जोडला जाणारा फोन

पेणमधील गणपतींचा कारखाना असो वा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कचेरी, वाय-फायचे नाव यादीत दिसू नये अशी व्यवस्था जिथे राऊटरमध्ये केलेली असते, तिथे नवा फोन जोडताना नाव बरोबर आणि पासवर्ड बरोबर असूनही फोन ‘रेंजमध्ये नाही’ असेच सांगत राहतो. अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा बदलून उपयोग होत नाही, कारण गाठ मुळात पासवर्डापर्यंत पोहोचण्याआधीच अडलेली असते.

राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची ओळख देणारा संदेश, म्हणजे बीकन, हवेत सोडतो आणि तो ऐकून फोन यादी तयार करतो. नाव लपवल्यावर बीकन थांबत नाही, त्यातील नावाची जागा तेवढी रिकामी राहते; म्हणून फोनलाच नाव घेऊन हाक मारावी लागते. अँड्रॉइडमध्ये नेटवर्क हाताने जोडताना प्रगत पर्यायांतील ‘लपवलेले नेटवर्क’ ही खूण ‘होय’ केली नाही, तर बहुतेक फोन ही हाक मारतच नाहीत. सर्वाधिक तक्रारींचे मूळ याच एका खुणेत असते.

हाक मारली तरी नाव तंतोतंत जुळावे लागते. इंग्रजी नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मोजला जातो, आणि कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडताना शेवटी चिकटलेली रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण राऊटरला ती वेगळे नाव वाटते. नावाची मर्यादा 32 बाइट असून देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा व हलन्त सहसा तीन-तीन बाइट घेतात, त्यामुळे ‘श्री गणेश कला केंद्र’ एवढे नाव, ज्याला 54 बाइट लागतात, त्यात मावतच नाही.

लपवलेल्या नेटवर्कचा सुरक्षा-प्रकारही हातानेच निवडावा लागतो. 2001 मध्येच दुबळी ठरलेली डब्ल्यूईपी ही पद्धत टाळून 2004 ची डब्ल्यूपीए-2 किंवा 2018 ची डब्ल्यूपीए-3 यांपैकी राऊटरवर जी असेल तीच फोनमध्ये निवडावी. जुन्या फोनला डब्ल्यूपीए-3 कळत नाही, त्यामुळे अशा ठिकाणी दोन्ही चालतील अशी मिश्र मांडणी सोयीची ठरते. 5 गिगाहर्ट्‌झच्या काही वाहिन्या रडारसाठीही वापरल्या जातात, तेथे फोनला आधी ऐकावे लागते, मोकळेपणाने हाक मारता येत नाही. म्हणून राऊटर 36 ते 48 या वाहिन्यांवर आणून पाहावा. शिवाय अँड्रॉइड 10 पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट हार्डवेअर-पत्ता वापरतात, आणि राऊटर ठरावीक पत्त्यांनाच आत घेत असेल तर फोन बाहेरच राहतो.

एवढा खटाटोप ज्या सुरक्षिततेसाठी केला जातो, ती नाव लपवून मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. फोन जोडला जाताना ते नाव हवेत उघडच उच्चारले जाते, आणि खूण केलेला फोन रोहा-पनवेल गाडीतही तेच नाव पुकारत राहू शकतो. खरे रक्षण एन्क्रिप्शनचे, म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलण्याचे, आणि लांब पासवर्डाचे आहे. तरीही नाव लपवलेलेच ठेवायचे असेल, तर नाव, प्रकार, पासवर्ड व लपवल्याची खूण असा क्यूआर कोड तयार करता येतो. त्याने टंकनाच्या चुका टळतात, मात्र त्यात पासवर्ड उघड असल्याने तो गिऱ्हाइकांच्या नजरेसमोरच्या भिंतीवर लावू नये.