वर्तुळातली तपासणी आणि गावची स्वयंसेविका

गरोदरपणातील तपासणी ही बहुतेक दवाखान्यांत एकेकटीने उरकायची बाब असते. रांगेत बराच वेळ थांबल्यानंतर वजन, रक्तदाब आणि पोटाची तपासणी काही मिनिटांत आटोपते, गोळ्यांची पाकिटे हाती पडतात आणि मनातले प्रश्न मनातच राहतात. या रीतीला पर्याय म्हणून अमेरिकेतील परिचारिका-सुईण शेरॉन शिंडलर रायझिंग यांनी १९९०च्या दशकात कनेक्टिकट राज्यात गटसेवेची पद्धत घडवली. साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या आठ ते बारा स्त्रिया ठरलेल्या दिवशी दीड-दोन तास वर्तुळात एकत्र बसतात, त्यांची तपासणी तिथेच होते आणि उरलेला सगळा वेळ चर्चेला मिळतो, असे तिचे स्वरूप आहे. न्यू हेवन आणि अटलांटा येथील १,०४७ तरुण स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गटात सेवा घेतलेल्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूतीची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी आढळली.

सत्राची मांडणी बारकाईने पाहिली, तर या पद्धतीचे मर्म लक्षात येते. प्रत्येक स्त्री आल्याबरोबर स्वतः काट्यावर उभी राहते, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडाला बांधते आणि दोन्ही आकडे आपल्या कार्डावर लिहिते. लिहिता न येणारीला शेजारची मदत करते. दरम्यान खोलीच्या एका कोपऱ्यात अंथरलेल्या चटईवर सुईण एकेकीचे पोट तपासते, बाळाचे ठोके ऐकते आणि चारचौघींत सांगता न येणारे काही असेल तर तेही ऐकून घेते. स्वतः मोजलेला आकडा स्वतःच्या कार्डावर आल्यामुळे १४०/९० ही रक्तदाबाची मर्यादा ओलांडली जाणे, त्यासोबत डोके दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांचा परस्परसंबंध त्या स्त्रीला नीट कळतो आणि पुढच्या वेळी ती लक्षणे अंगावर काढत नाही.

जिथे सुईणी आणि परिचारिका मोजक्याच असतात, तिथे गटाची घडी बसवण्याचे काम गावातल्या स्वयंसेविकेकडे येते. रवांडामध्ये राबवलेल्या गटसेवेत परिचारिका किंवा सुईण आणि गावची आरोग्य कार्यकर्ती अशा दोघी मिळून सत्र चालवत असत. निदान, औषध आणि दवाखान्यात पाठवण्याचा निर्णय हे प्रशिक्षित परिचारिकेचेच काम राहते. स्वयंसेविकेने मात्र कोण आली नाही आणि का आली नाही हे जाणायचे, सत्रात गप्प बसणारीला बोलते करायचे आणि नंतर घरी जाऊन ठरलेली गोष्ट घडली की नाही ते पाहायचे, अशी ही विभागणी आहे.

बोलते करणे म्हणजे काय, हे लोहाच्या गोळ्यांच्या उदाहरणावरून समजते. ‘गोळ्या घेता का?’ असे विचारले, की सगळ्याच माना डोलावतात. पण ‘गोळ्यांनी कोणाला काय त्रास झाला?’ असे विचारले, की मळमळ, बद्धकोष्ठता, काळे होणारे शौच आणि गोळ्यांनी मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल ही थोरल्यांनी घातलेली भीती, असे सगळे बाहेर येते. मग काळ्या शौचाने अपाय होत नाही, गोळी चहासोबत न घेता जेवणानंतर घ्यावी, हे परिचारिका सांगते. आणि मागच्या खेपेला त्याच गोळ्या घेऊन सुखरूप बाळंत झालेली एखादी तिच्या बोलण्याला दुजोरा देते.

गटातल्या चर्चेची हीच ताकद झारखंड आणि ओडिशातील तीन जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने तपासली. तपासणी दवाखान्यातच राहिली, पण गावोगावच्या महिला गटांच्या मासिक बैठका स्थानिक स्त्रीने चालवल्या. तिथे चित्रे मांडून कोणती अडचण सर्वांत मोठी हे बायकांनीच ठरवले आणि गोष्टींच्या आधारे ‘पण असे का झाले?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारत मृत्यूमागची साखळी उलगडली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूचे, म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे, प्रमाण तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी राहिले. तशाच बैठका पुढे आशा कार्यकर्त्यांनी घेतल्या, तेव्हाही ही घट ३१ टक्के आढळली. याउलट बांगलादेशातील पहिल्या प्रयोगात १,४१४ लोकवस्तीमागे एकच गट असल्याने परिणाम दिसला नाही. ३०९ लोकवस्तीमागे एक गट झाल्यावर मात्र तो स्पष्ट दिसला. बैठकीची पद्धत कितीही चांगली असली, तरी गरोदर स्त्रिया पुरेशा संख्येने तिच्यात आल्या नाहीत तर ती निष्फळ ठरते, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात यासाठी नवी जागा शोधावी लागत नाही. ग्राम आरोग्य व पोषण दिनाला अंगणवाडीत एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका, येते आणि आशा स्वयंसेविका गरोदर मातांना घेऊन येते. आपला नंबर येण्याची वाट पाहण्यात जाणारा त्यांचा वेळच गटाच्या चर्चेसाठी वापरता येतो. अडचण वेगळीच आहे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि नेमक्या निकडीच्या काळात तिचा गट सुटतो. तेव्हा तिचे माता-बाल संरक्षण कार्ड सोबत जाईल आणि माहेरच्या गावच्या आशेला निरोप पोहोचेल, हे पाहणे सासरच्या आशेचे काम ठरते.

स्वयंसेविका शेजारचीच असल्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो आणि त्याच कारणाने तिच्यासमोर तोंड उघडायला संकोचही वाटतो. मारहाण, आधीचा गर्भपात, एचआयव्हीची तपासणी यांसारख्या गोष्टी वर्तुळात न आणता कोपऱ्यातल्या चटईवरच बोलल्या जाव्यात आणि तिथून बाहेर जाऊ नयेत, हा नियम तिच्या प्रशिक्षणात सर्वांत वर असायला हवा. त्याचबरोबर नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि मोहिमा यांनी आधीच वाकलेल्या आशेच्या माथी हे काम सेवाभावाच्या नावाखाली फुकट मारणे अन्यायाचे आहे. टोचलेल्या सुया आणि वाटलेल्या गोळ्या मोजून मोबदला देणाऱ्या व्यवस्थेने घेतलेली बैठक, ऐकून घेतलेली शंका आणि केलेला पाठपुरावा हेही काम म्हणून मोजले पाहिजे. तरच गावची स्वयंसेविका वर्तुळात शेवटपर्यंत टिकेल, आणि तिच्या भरवशावर येणाऱ्या गरोदर स्त्रियाही.