समजून घ्या : मेंढ्यांच्या माळावरचा खेळ श्रीमंतांचा कसा झाला? काष्टीच्या चार मित्रांना गोल्फच्या सहलीला जायचे असेल तर...

दौंड सोडून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका लागतो आणि थोड्याच वेळात काष्टी येते. शनिवारी इथे जनावरांचा बाजार भरतो. बैल, गाई, शेळ्या-मेंढ्या, टेम्पो आणि हातावर रुमाल टाकून होणारे सौदे, हे इथले नेहमीचे चित्र. या गावात गोल्फचा विषय काढला तर ‘तो मोठ्या लोकांचा खेळ’ असेच उत्तर मिळेल.

पण जगातील सर्वात नावाजलेल्या गोल्फ मैदानाची सुरुवात मेंढ्या चरायच्या माळावरच झाली. त्या मैदानावरच्या प्रसिद्ध दगडी पुलावरून आधी जनावरे गेली, खेळाडू खूप नंतर आले. तो माळ आजही सार्वजनिक मालकीचा आहे. मग आपल्याकडे हा खेळ कुंपणाआड का गेला? आणि काष्टीच्या चार मित्रांनी ठरवलेच, तर ते कुठे आणि कसे खेळू शकतात?

गोल्फची सुरुवात कुठे झाली?

स्कॉटलंडच्या समुद्रकाठी शेती न होणारी वालुकामय, गवताळ जमीन असते. तिला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. पीक येत नसल्याने तिथे मेंढ्या चरायच्या आणि लोक काठीने चेंडू मारायचे. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात रमतात, ही राज्यकर्त्यांची तक्रार होती. गोल्फचा हा सर्वात जुना लेखी उल्लेख मानला जातो.

तिथल्या सेंट अँड्रयूज गावाचा ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फवाल्यांचे पंढरपूर. मित्रांचा गट घेऊन एकदा तरी तिथे खेळायचे, हे जगभरच्या हौशी खेळाडूंचे स्वप्न असते. शेवटच्या म्हणजे अठराव्या होलवर ओढ्यावर ‘स्विल्कन ब्रिज’ हा छोटा दगडी पूल आहे. मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेता यावीत म्हणून तो सुमारे ७०० वर्षांपूर्वी बांधला गेला, असे मानतात. आज प्रत्येक गट त्यावर उभा राहून फोटो काढतो. मैदानावरचे वाळूचे खड्डे, म्हणजे ‘बंकर’, वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या जागांतून तयार झाले, असेही सांगितले जाते.

एका फेरीत १८ होल का?

ओल्ड कोर्सवर पूर्वी एका फेरीत २२ होल खेळले जात. १७६४ मध्ये काही होल एकत्र करून ते १८ केले गेले. पुढे जगाने तोच आकडा उचलला. प्रत्येक होलसाठी किती फटके लागावेत याचे एक माप ठरलेले असते, त्याला ‘पार’ म्हणतात. १८ होलचा पार साधारण ७२ असतो. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’.

हे मैदान गावाकडे कसे राहिले?

ही गोष्ट गायरानाचे वाद पाहिलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. १७९७ मध्ये सेंट अँड्रयूजची नगर परिषद कर्जात बुडाली आणि हा माळ ससेपालन करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला. सशांनी मैदान पोखरले. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वीस वर्षांहून अधिक काळ कोर्टात आणि प्रत्यक्ष मैदानावरही भांडण चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने जागा विकत घेतली आणि खेळ वाचला. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा नगराच्या मालकीची झाली. १९७४ पासून एक ट्रस्ट तिचा कारभार पाहतो.

बाहेरच्या खेळाडूला हंगामात एका फेरीसाठी ३०० पौंडांहून अधिक मोजावे लागतात. गावकऱ्यांना मात्र सवलतीचा वार्षिक पास मिळतो. खेळण्याच्या बऱ्याचशा वेळा रोजच्या सोडतीतून दिल्या जातात. तिथे गर्भश्रीमंत आणि पैसे साठवून आलेला शिक्षक एकाच यादीत असतात. रविवारी एरवी गोल्फ बंद. त्या दिवशी गावातले लोक मुलाबाळांसह, कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरायला येतात.

भारतात हा खेळ कुंपणाआड का गेला?

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आला. १८२९ मध्ये स्थापन झालेला ‘रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब’ हा ब्रिटनबाहेरचा सर्वात जुना गोल्फ क्लब. आपल्याकडे मैदाने उभी राहिली ती साहेबांच्या क्लबांत, लष्करी छावण्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणी. मुंबईत १९१८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी भारतीय आणि युरोपीय दोघांनाही प्रवेश देणारा ‘विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब’ सुरू केला, तेव्हा तेच मोठे पाऊल मानले गेले. चेंबूरचा ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब’ १९२७ चा. साहेब गेले, पण सदस्यत्वाची पद्धत राहिली.

तरीही या कुंपणातून काही जण आत आले, तेही कामगारांच्या दाराने. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्यापासून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ मध्ये ‘इंडियन ओपन’ जिंकली. रॉयल कलकत्तामधील ग्रीनकीपरचा, म्हणजे मैदान राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा जिंकली. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला. त्याच ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली. तिचे पदक एका फटक्याने हुकले.

काष्टीहून निघायचे तर कुठे?

सर्वात जवळचा पर्याय पुणे. येरवड्याला पूना क्लबचे जुने मैदान आहे आणि बावधनजवळच्या डोंगरात ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट. खासगी क्लबमध्ये सहसा सदस्याचे पाहुणे म्हणून किंवा ठरावीक वारी शुल्क भरून खेळता येते. त्यामुळे आधी फोन करून विचारणे उत्तम. नवी मुंबईत सिडकोने उभारलेल्या खारघरच्या मैदानावर सदस्यत्व नसतानाही शुल्क भरून खेळता येते. शनिवार-रविवारी दर चढे असतात. मधल्या वारी, भल्या सकाळी जाणे स्वस्त पडते आणि उन्हाचा त्रासही कमी होतो.

लांबची सहल करायची तर दिल्लीत लोदी काळातील वास्तूंच्या मधून खेळता येते. सिमल्याजवळ नालदेहराचे देवदारांतले मैदान आहे. ही जागा लॉर्ड कर्झनला इतकी आवडली, की त्याने मुलीच्या नावातच तिचे नाव घातले.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

थेट मैदानावर जाऊ नये. आधी ‘ड्रायव्हिंग रेंज’वर चेंडू मारून पाहावेत. तिथे काठ्या भाड्याने मिळतात आणि शिकवणारेही असतात.

एका गटात जास्तीत जास्त चार जण असतात. १८ होलना चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि सात-आठ किलोमीटर चालणे होते. पिशवीत १४ पेक्षा जास्त काठ्या चालत नाहीत. हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात. चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर ‘फोर’ असे मोठ्याने ओरडायचे. बंकरमधून बाहेर पडताना आपल्या पावलांची वाळू सारखी करायची. कॉलरचा टी-शर्ट बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो.

चौघांचा खेळ सारखा नसेल तर ‘हँडिकॅप’ कामाला येते. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीनुसार जादा फटक्यांची सूट मिळते आणि नवखाही जुन्या खेळाडूशी बरोबरीने लढतो. मित्रांच्या गटासाठी ‘स्टेबलफर्ड’ ही गुणांची पद्धत सोयीची. पारला दोन गुण, बर्डीला तीन, बोगीला एक. एखाद्या होलवर फारच बिनसले तर शून्य गुण घेऊन पुढे निघायचे. एका वाईट होलमुळे सगळा दिवस वाया जात नाही.

श्रीगोंद्यात असे मैदान होईल का?

खरी अडचण इथे आहे. १८ होलच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकरांच्या पुढे जमीन लागते आणि ग्रीन उन्हाळ्यातही हिरवे ठेवायला रोजचे पाणी. घोड आणि कुकडीच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यात उभा ऊस सोडून गवताला पाणी कोण देईल? अनेक नवी मैदाने प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतात, पण त्यासाठी जवळ मोठे शहर हवे. पाणी कमी असलेल्या भागांत दुसराही एक मार्ग वापरला जातो. होलभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू दाबून बसवतात. त्याला ‘ब्राउन’ म्हणतात. गोल्फ त्यावरही होतो.

स्कॉटलंडच्या त्या माळावरही सुरुवातीला कोणी पाणी घातले नव्हते. पावसाने गवत वाढवले, मेंढ्यांनी ते कापले आणि गावाने जमीन सोडली नाही. काष्टीचे चार मित्र उद्या पुण्याला किंवा खारघरला जाऊन खेळू शकतात, पैसे आणि एक मोकळा दिवस एवढे पुरे. त्यांच्या मुलांना मात्र गावातच खेळायला मोकळी जागा हवी असेल, मग खेळ कोणताही असो, तर आधी गावचे गायरान शाबूत राहिले पाहिजे.