कुत्र्यासाठीं घरगुती खाऊ



कुत्र्यासाठीं घरीं भाजावयाचीं बिस्किटें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना हसूं येण्याचा संभव आहे. ज्या घरांत मुलांना रोज ताजा खाऊ करून देण्यास सवड मिळत नाहीं, तेथें कुत्र्याच्या खाऊची चिंता कोणीं करावी, असें त्यांस वाटेल. परंतु ज्या घरीं कुत्रा आहे त्या घरीं त्याला खाऊ हा मिळतोच. कोणी चहाबरोबरचें बिस्किट त्याच्यापुढें करतो, कोणी शिऱ्याचा घांस देतो, तर एखादें मूल आपल्या हातांतल्या चॉकलेटचा तुकडा मोठ्या प्रेमानें त्याच्या तोंडांत घालतें. तेव्हां खाऊ द्यावा कीं न द्यावा हा प्रश्नच उरत नाहीं. कोणता द्यावा आणि किती द्यावा, एवढाच प्रश्न राहतो. या प्रश्नाच्या उत्तरावर कित्येकदां त्या मुक्या प्राण्याचा जीव अवलंबून असतो, म्हणूनच हा विषय मीं आज निवडला आहे.

कुत्र्यानें भाकरी पळविली असतां तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. त्या कथेंतला भाव आपण अवश्य घ्यावा. तूप मात्र, पुढें सांगेन त्या कारणास्तव, हात राखूनच वाढावें!

आतां, मांसाहारी समजल्या जाणाऱ्या या प्राण्याला धान्याचा पदार्थ मानवतो काय, अशी शंका प्रथम येईल. खेड्यापाड्यांतील कुत्रा पिढ्यान् पिढ्या भाकरीच्या तुकड्यावर जगत आला आहे, हें आपण पाहतोंच. त्यामागील कारण शास्त्रज्ञांनीं अलीकडे शोधून काढलें. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं लांडगे व कुत्रे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचविणारा एक पाचक रस स्वादुपिंडांत तयार होतो. तो तयार करण्याची आज्ञा देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती आढळतात. कुत्र्यांत मात्र त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. मनुष्याच्या सहवासांत, त्याच्या शेताच्या व चुलीच्या आधारानें राहतां राहतां हा प्राणी मनुष्याचें अन्न पचविण्यास समर्थ झाला, असा याचा अर्थ होय. अर्थात् भाजलेलें धान्य त्याला परकें नाहीं.

कुत्र्यांसाठीं मुद्दाम बिस्किटें करून विकण्याचा उद्योग मात्र तसा नवा आहे. जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६० च्या सुमारास लंडनमध्यें तो आरंभिला. गोदीवरील कुत्रे खलाशांनीं टाकलेलीं टणक जहाजी बिस्किटें आवडीनें खातांना पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी हकीगत सांगतात. गव्हाचें पीठ, भाज्या, बीट व वाळविलेलें मांस हे त्याच्या बिस्किटांचे घटक होते. म्हणजे आज बाजारांत जो पदार्थ रंगीत वेष्टनांत मिळतो, त्याचा मूळ पुरुष म्हणजे पीठ, भाजी आणि आंच एवढाच! हें सर्व आपल्या स्वयंपाकघरांत आहे.

परंतु त्याच स्वयंपाकघरांत कुत्र्याला घातक असे पदार्थही आहेत. खाऊंत काय घालावें यापेक्षां काय घालूं नये हें जाणणें अधिक महत्त्वाचें. म्हणून कृतीपूर्वीं तें सांगतों.

पहिला पदार्थ चॉकलेट. कोकोमध्यें थिओब्रोमिन नांवाचें द्रव्य असतें. मनुष्याच्या शरीरांतून तें त्या मानानें लवकर निघून जातें; कुत्र्याच्या शरीरांत मात्र निम्मा अंश कमी होण्यासच सुमारें सतरा-अठरा तास लागतात. त्यामुळें तें सांचत जातें, वांत्या होतात, हृदयाची गति वाढते आणि मात्रा मोठी असल्यास झटके येतात. चॉकलेट जितकें काळें व कडू, तितकें तें अधिक घातक. आणि कोको पूड तर त्याहूनही तीव्र.

दुसरा पदार्थ द्राक्षें, मनुका व बेदाणे. नाशिक-सांगलीकडील ज्या पिकाचा आपणांस अभिमान वाटतो, तें कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी करूं शकतें. किती दाणे खाल्ले असतां अपाय होईल याचा नेम नाहीं. एखाद्या कुत्र्याला थोड्यानेंही होतो. यांतील दोषी द्रव्य टार्टारिक आम्ल असावें, असा पशुवैद्यकांतील जाणत्यांचा अलीकडील तर्क आहे. तें आम्ल चिंचेंतही विपुल असतें, आणि चिंच खाल्ल्यानें कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणें २०२२ सालीं प्रसिद्ध झालीं आहेत. आपल्या आमटींत, सारांत व चटणींत चिंच असते, ही गोष्ट महाराष्ट्रीय गृहिणीनें विशेष ध्यानांत ठेवावी.

तिसरा पदार्थ कांदा व लसूण. हे कच्चे असोत, शिजविलेले असोत, कीं वाळवून पूड केलेले असोत, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा त्यांच्यामुळें नाश होतो. खाल्ल्याबरोबर कांहीं दिसत नाहीं. तीन-चार दिवसांनीं कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, आणि तोंवर कोणाला कांद्याची आठवणही राहिलेली नसते. यास्तव फोडणीचें अन्न किंवा रश्शांत भिजविलेली पोळी हा कुत्र्याचा खाऊ नव्हे.

चौथा पदार्थ नवा व म्हणून अधिक फसवा आहे. साखरेऐवजीं वापरलें जाणारें झायलिटॉल हें तें द्रव्य होय. साखरविरहित च्युइंगमांत, कांहीं दंतमंजनांत व परदेशी पद्धतीच्या कांहीं शेंगदाणा-लोण्यांतही तें असतें. मनुष्यास तें निरुपद्रवी. परंतु कुत्र्याच्या पोटांत जातांच इन्सुलिन एकदम स्रवतें, रक्तांतील साखर तासाभरांत धोक्याच्या पातळीखालीं उतरते, आणि पुढें यकृतासही इजा पोंचूं शकते. मधुमेही मनुष्याच्या घरांतील ‘साखर नसलेला’ पदार्थ कुत्र्याला निर्धोक समजून देणें हें याच कारणास्तव अत्यंत चुकीचें आहे.

याखेरीज यीस्ट घातलेलें कच्चें पीठ पोटांत फुगतें व त्यांतून मद्यार्कही निर्माण होतो. शिजविलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या होतात. आणि तूप, तळण, मटणाची चरबी यांचा अतिरेक झाल्यास स्वादुपिंडाचा दाह उद्भवतो. नामदेवांच्या तुपाविषयीं आरंभीं जें बोललों, त्याचें कारण हें.

यांपैकीं एखादा पदार्थ कुत्र्यानें खाल्लाच, तर लक्षणें दिसण्याची वाट पाहूं नये. काय खाल्लें, किती खाल्लें व केव्हां खाल्लें हें टिपून ताबडतोब पशुवैद्याकडे जावें. वांती व्हावी म्हणून मिठाचें पाणी पाजण्याची चाल आहे. ती सर्वथा सोडावी, कारण त्या मिठानेंच कित्येकदां विषबाधा होते.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं प्रमाण लिहून घ्यावें. कणीक दोनशें ग्रॅम. तांबड्या भोपळ्याचा उकडून, पाणी निथळून केलेला लगदा शंभर ग्रॅम. आणि अंडें एक. एवढेंच. मीठ नको, साखर नको, गूळ नको, सोडा नको. आपल्या जिभेला हा पदार्थ अळणी लागेल. परंतु कुत्रा चवीपेक्षां वासावर अधिक विसंबतो, आणि भाजलेल्या कणकेचा व अंड्याचा वास त्याला पुरेसा असतो.

भोपळा निवल्यावर त्यांत अंडें फेटून घालावें व मावेल तशी कणीक मिसळून पुरीच्या पिठाइतकें घट्ट मळावें. फार कोरडें वाटल्यास पाण्याचा हात लावावा. पाव तास झांकून ठेवावें. मग अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून सुरीनें शंकरपाळ्यांप्रमाणें, परंतु सुमारें तीन सेंटिमीटर लांबरुंद, चौकोनी तुकडे पाडावेत. साधारणतः साठ-पासष्ट तुकडे होतात. भट्टी १७५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून पंचवीस ते तीस मिनिटें भाजावें, आणि भट्टी बंद केल्यावर तुकडे तसेच आंत निवूं द्यावेत. या शेवटच्या क्रियेनें आंतला ओलावा निघून बिस्किट कडक होतें.

घरीं भट्टी नसल्यास अडून बसण्याचें कारण नाहीं. जाड बुडाच्या तव्यावर, झांकण ठेवून, मंद आंचेवर दोन्ही बाजूंनीं सावकाश भाजलें तरी काम होतें. मात्र असे तुकडे आंतून किंचित् ओले राहतात. ते शीतकपाटांत ठेवून तीन-चार दिवसांत संपवावेत. नानकटाईचें पीठ घेऊन बेकरीवाल्याकडे भाजावयास देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. त्याच्या भट्टींत एक पत्रा कुत्र्याच्या बिस्किटांचाही भाजून मिळूं शकेल!

या मूळ कृतींत आपापल्या सोयीप्रमाणें फेरफार करतां येतात. कणकेऐवजीं नाचणी, ज्वारी किंवा बाजरीचें पीठ चालतें. परंतु त्यांना गव्हाचा चिकटपणा नसल्यामुळें भाकरीच्या उकडीप्रमाणें तें कढत पाण्यांत भिजवून मळावें, म्हणजे तुकडे फुटत नाहींत. भोपळ्याच्या जागीं रताळें किंवा गाजर घेतां येईल. अंडें वर्ज्य असणाऱ्या घरीं चमचाभर दही घालावें. मांसाहारी घरीं कोंबडीचें मांस मीठ, कांदा व मसाला न घालतां उकडून, हाडें काढून, बारीक तोडून मिसळावें. भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट थोडेंसें घातल्यास वास खमंग येतो. परंतु दाणे खारे नसावेत, आणि बुरशीचा वा कडवटपणाचा संशय आल्यास ते बिलकुल वापरूं नयेत. कारण त्या बुरशींतलें अफ्लाटॉक्सिन हें यकृताचें विष आहे.

बुरशीचाच धोका तयार बिस्किटांनाही असतो. पूर्ण निवल्यावरच तीं घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत भरावींत आणि आठ-दहा दिवसांत संपवावींत. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत व मुंबईंत, हवा दमट असल्यामुळें तीं शीतकपाटांतच ठेवावींत. बाजारी मालांत टिकण्यासाठीं घातलेलीं द्रव्यें आपल्या खाऊंत नाहींत हें खरें. परंतु म्हणूनच आपला खाऊ थोडा करावा व ताजा करावा.

शेवटचा मुद्दा प्रमाणाचा. दिवसभराच्या एकंदर आहारांतील दहाव्या हिश्श्याहून अधिक उष्मांक खाऊंतून जाऊं नयेत, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. दहा किलो वजनाच्या प्रौढ घरगुती कुत्र्याला दिवसाकांठीं सुमारें सहाशें कॅलरी लागतात. म्हणजे खाऊचा वांटा साठ कॅलरींचा. वर सांगितलेल्या प्रमाणानें केलेला एक तुकडा बारा-तेरा कॅलरींचा भरतो. तेव्हां अशा कुत्र्याला दिवसांतून चार तुकडे पुरेत. पांच किलोंच्या लहान कुत्र्याला दोन, आणि पंचवीस किलोंच्या मोठ्या कुत्र्याला आठ-नऊ. घरांत पांच माणसें असून प्रत्येकानें आपापल्या परीनें चार-चार तुकडे दिले, तर हिशेब कोठल्या कोठें जातो! यावर सोपा उपाय असा कीं, दिवसाचे तुकडे सकाळींच मोजून एका वाटींत काढावेत आणि सर्वांनीं त्यांतूनच द्यावेत. एका तुकड्याचे चार बारीक कण केले तर कुत्र्याला चार वेळां खाऊ मिळाल्याचा आनंद होतो. बसणें, थांबणें, हांकेस येणें हे धडे शिकवितांना असे कणच उपयोगी पडतात.

नवा खाऊ प्रथम एकच तुकडा देऊन पाहावा. अंगास खाज सुटली किंवा पोट बिघडलें तर तो बंद करावा. पिलांना, म्हाताऱ्या कुत्र्यांना आणि मधुमेह, मूत्रपिंड वा स्वादुपिंड यांचा विकार असलेल्या कुत्र्यांना पशुवैद्यास विचारल्यावांचून कांहींच नवें देऊं नये. तसेंच, हा खाऊ आहे, जेवण नव्हे, हेंही विसरूं नये. वाढीस व बळास लागणारीं सर्व द्रव्यें यांत नाहींत.

मांजर कीं माणूस, कोणाचें अन्न आपणांस सोसेल आणि कोणाचें सोसणार नाहीं, हें कुत्र्याला कळत नाहीं. आपल्या धन्याच्या हातून जें येतें तें चांगलेंच असणार, एवढेंच तो जाणतो. त्याचा हा विश्वास खरा करून दाखविणें आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं दोन वाट्या कणीक, भोपळ्याची एक फोड व अर्ध्या-पाऊण तासाची सवड यांहून अधिक कांहीं लागत नाहीं.