रागाचा हिशेब

एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ जन्माने गुलाम होता. मुक्त झाल्यावर त्याने ग्रीसमधल्या निकोपोलिस इथे शाळा चालवली. चालून चालणं सुधारतं, तसंच रागावून रागही बळावतो, हे तो शिष्यांना बजावत असे. राग त्या प्रसंगापुरता राहत नाही. त्याची सवयही पक्की होते.

यावर त्याचा उपाय म्हणजे न रागावता गेलेले दिवस मोजणं. आधी रोज राग यायचा, मग दिवसाआड, मग दोन-तीन दिवसांनी. सलग ३० दिवस निभावले तर देवाला कृतज्ञतेने आहुती द्यायची.

दुसरा स्टोइक तत्त्वज्ञ, रोमचा सेनेका, रोज रात्री स्वतःची झडती घेई. दिवा मालवला, ही सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली, की तो दिवसभरातलं बोलणं-वागणं तपासत असे. वादात कुणाला जास्तच लागेल असं बोललो का, हे तो स्वतःपासून लपवत नसे. चूक कबूल करायची, पुन्हा न करण्याचं ठरवायचं आणि स्वतःला क्षमा करून निश्चिंत झोपायचं, असा त्याचा क्रम होता.

ही क्षमा फार मोलाची आहे. स्वतःला नुसतं कोसत राहिलं, तर माणूस झडती घेणंच टाळू लागतो. शील घडतं ते रोजच्या प्रामाणिक तपासणीतून.