मजकूर-संपादकातील 'हूक' : संकल्पना आणि मराठी लेखनातील उपयोजन

प्रस्तावना :
कल्याण तालुक्यातील मोहने या गावाचे नाव 'मोहोने' असेही लिहिले जाते. हा भेद डोळ्यांना दिसतो. परंतु संगणकावरील मराठीत काही भेद डोळ्यांना दिसत नाहीत आणि शोध घेताना मात्र शब्द सापडत नाही. अशा भेदांवर 'हूक' या सोयीने कसा उपाय करता येतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
ईमॅक्स हा संपादक १९७६ मध्ये एमआयटी येथे आकारास आला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये त्याचे जीएनयू रूप प्रसृत केले. वापरणाऱ्यास लिस्प भाषेत त्याचे वर्तन बदलता येते. हूक म्हणजे कार्यक्रमात ठरावीक जागी ठोकून ठेवलेली खुंटी होय. तांत्रिकदृष्ट्या ती फंक्शनांची यादी असते. तो प्रसंग आला की यादीतील फंक्शने क्रमाने चालविली जातात. 'टेक्स्ट-मोड-हूक' साधा मजकूर उघडताना, तर 'बिफोर-सेव्ह-हूक' फाइल जतन होण्यापूर्वी चालतो. मूळ कार्यक्रमास हात न लावता त्यात भर घालता येते, हे या रचनेचे मर्म आहे.

मराठीतील उपयोजन :
'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. पहिल्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' (संकेतांक ०९३१) व हलन्त चिन्ह येते. दुसऱ्यात 'र', हलन्त चिन्ह व झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह येते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण साध्या शोधात ती भिन्न ठरतात. यावर उपाय म्हणून दुसरे रूप पहिल्यात बदलणारे लहानसे फंक्शन लिहून ते 'बिफोर-सेव्ह-हूक'ला जोडावे. प्रत्येक वेळी जतन करताना मजकूर आपोआप एकरूप होईल.

दक्षता :
१) 'सेटक्यू'ने हूकचे मूल्य थेट बदलल्यास आधीची फंक्शने नाहीशी होतात, म्हणून 'अ‍ॅड-हूक' वापरावे.
२) फंक्शनास नाव द्यावे. नाव असल्यास 'रिमूव्ह-हूक'ने ते सहज काढता येते आणि पुन्हा जोडले तरी यादीत दुबार येत नाही.
३) जोडणी सर्वत्र न करता 'टेक्स्ट-मोड-हूक'मधून, त्या त्या मजकुरापुरती स्थानिक ठेवावी.
४) क्रमाचे भान ठेवावे. 'अ‍ॅड-हूक' नवे फंक्शन सामान्यतः यादीच्या आरंभी ठेवते. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून पुसणारे फंक्शन आधी चालल्यास 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. त्याचप्रमाणे 'आचाऱ्यांना' दिलेले निमंत्रण 'आचार्यांना' जाते! म्हणून परस्परावलंबी क्रिया एकाच फंक्शनात क्रमाने लिहाव्यात.

समारोप :
कोणत्या क्रिया हूकवर सोपवाव्यात, हा विवेक महत्त्वाचा आहे. अर्ध्या र-च्या दोन रूपांत अर्थभेद नसल्याने ते काम यंत्राकडे देता येते. मात्र 'मोहने' की 'मोहोने' हा प्रश्न निराळा आहे. जुन्या दस्तऐवजातील उताऱ्यात मूळ लेखन जसेच्या तसे राहिले पाहिजे. तेथे हूकने फार तर शब्द ठळक दाखवावा, निर्णय अभ्यासकाने घ्यावा. स्वयंचलनाची मर्यादा अर्थाच्या सीमेवर येऊन थांबते, हे भान भाषेच्या अध्यापकांइतकेच संगणकाच्या अध्यापकांनीही बाळगणे आवश्यक आहे.